आधी आईबापांचा फोन

शुक्रवारी सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी, जेरुसलेममध्ये तर ४० मिनिटं आधी, घरातली बाई मेणबत्त्या लावते. तिथून शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसेपर्यंत, म्हणजे साधारण २५ तास, शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळणाऱ्या ज्यू घरात फोनला कुणी हात लावत नाही. मुलांच्या हातातला फोन सोडवता सोडवता मेटाकुटीला आलेल्या बाकीच्या जगाला याचा हेवा वाटतो. पण ज्या घरांत ही सोय आहे त्या घरांत फोनचा प्रश्न मिटलाय असं समजू नये. उलट तिथे तो जास्त टोकदार झालाय. कारण तिथे फोन हा नुसता वेळ खाणारा उपद्रव राहत नाही, तो धर्मपालनाचा प्रश्न होतो, आणि धर्माचं नाव निघालं की घरातली भांडणं लवकर विझत नाहीत.

या भांडणाच्या दोन्ही बाजू आता पाठ झाल्या आहेत. एक बाजू म्हणते, यंत्रच नासकं आहे, ते उंबरठ्याच्या आत नको; रब्बींचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचा, शिक्का असलेला साधा फोन वापरा. दुसरी म्हणते, ज्याचं त्याने बघावं, धर्म काय फोनमध्ये असतो? मला दोन्ही पटत नाहीत. फोनला आवर घालायची जी ताकद ज्यू परंपरेत खरोखर आहे ती नियम घालणारा आधी स्वतः त्यात अडकतो या एका गोष्टीतून येते. हे जिथे निसटलं तिथे कितीही फिल्टर लावा, मुलं वाट काढतातच.

दहा आज्ञांतली शब्बाथची आज्ञा काढून बघा. तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, निर्गममध्ये ती आहे, अनुवादमध्ये पुन्हा येते. काम करायचं नाही, पण कुणी? तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरंढोरं आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. (बायकोचा उल्लेख नाही. 'तू' यात ती धरलेलीच आहे असं सांगतात.) यादीत पहिलं नाव घरच्या कर्त्याचं आहे. मुलगा-मुलगी त्यानंतर. फोनबद्दलची आजची बहुतेक पत्रकं, करार, सभा आणि शाळांचे दंडक ही यादी दुसऱ्या नावापासून वाचतात.

मुळात शब्बाथला फोन का नको, हे आधी नीट पाहायला हवं, कारण त्यातच सगळी मेख आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, तोरात कुठेतरी विजेला मनाई असेल. तोरात आहे ते एवढंच की शब्बाथच्या दिवशी तुमच्या घरांत आग पेटवू नका. पुढे मिश्ना या जुन्या कायदेसंग्रहात 'चाळीसला एक कमी' अशी ३९ कामांची यादी येते: नांगरणं, पेरणं, दळणं, मळणं, शिवणं, लिहिणं, पुसणं, बांधणं, पाडणं, पेटवणं, विझवणं वगैरे. हजारभर वर्षांहून जास्त काळ या यादीवर कीस पाडला गेला. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला वीज घराघरांत शिरू लागली आणि तिला या यादीत कुठे बसवायचं यावर रब्बींची डोकी तापली. तार तापून लाल होणारा जुना दिवा आगीत मोडला, तिथे फार वाद झाला नाही. पण ज्यात काहीच तापत नाही त्याचं काय?

रब्बी यित्झाक श्मेल्केस म्हणाले, प्रवाह सोडणं म्हणजे नवं काही उत्पन्न करणं, म्हणून नको. 'हाझोन इश' या नावाने ओळखले जाणारे रब्बी अव्राहाम येशाया कारेलित्झ (१८७८–१९५३) म्हणाले, सर्किट पुरं करणं हे बांधकामच आहे. जेरुसलेमचे रब्बी श्लोमो झाल्मान आउअरबाख (१९१०–१९९५) यांनी हे सगळे युक्तिवाद तपासले आणि त्यांना ते पुरेसे वाटले नाहीत. तरीही त्यांनी परवानगी दिली नाही. का, तर लोकांनी वीज न वापरण्याचा पायंडा पाडला आहे आणि तो मोडू नये. अमेरिकेतल्या, परंपरा मानून बदलही स्वीकारणाऱ्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या कायदा-समितीने २०१२ मध्ये रब्बी डॅनियल नेव्हिन्स यांचा या विषयावरचा सविस्तर निर्णय मान्य केला. त्यातही वीज स्वतः निषिद्ध ठरत नाही. पण ही यंत्रं सतत नोंदी करतात, आणि नोंद करणं हे लिहिण्यात मोडतं, असा मुद्दा येतो.

गंमत अशी की देवाचं नाव स्क्रीनवरून पुसायला हरकत नाही असं बरेच रब्बी सांगतात, कारण स्क्रीनवरची अक्षरं ही खरी अक्षरं नव्हेत. म्हणजे आठवड्यात स्क्रीनवर काही लिहिलंच जात नाही आणि शनिवारी लिहिलं जातं! शास्त्री मंडळी यातून बारीक वाट काढतात आणि ती वाट चुकीचीही नसते. पण पंधरा वर्षांच्या मुलीला ही विसंगती दिसतेच.

तेव्हा कायद्याच्या अंगाने पाहिलं तर फोनबंदीचा पाया आपण समजतो तेवढा काळ्या दगडाचा नाही. तरी ती बंदी टिकून आहे, आणि ती रेटून धरली आहे लोकांच्या पायंड्याने. २०१४ मध्ये 'शब्बोस अ‍ॅप' नावाची ('शब्बोस' म्हणजे शब्बाथच) एक कल्पना पुढे आली. हलाखाच्या, म्हणजे ज्यू धर्मकायद्याच्या, एकेका आक्षेपाला तांत्रिक तोड काढली आहे, आता शनिवारीही मेसेज पाठवा, असा तिचा दावा होता. रब्बींनी झोडपलंच, पण सामान्य पाळणाऱ्या लोकांनीही कपाळाला हात लावला. तांत्रिक तोड बरोबर की चूक हे तपासायच्या फंदात बहुतेकजण पडलेच नाहीत. त्यांना एवढं कळलं होतं की हे चाललं तर शनिवार संपला. नियमाचं कारण डळमळीत असताना नियम इतका पक्का राहतो, ते त्यामागे एक जिवंत व्यवहार उभा असतो म्हणून: शेजारचा फोन उचलणार नाही, मित्र उत्तराची वाट बघणार नाही, मावशी रागावणार नाही, साहेब विचारणार नाही. सगळेच गायब असतात, त्यामुळे कुणी गायब झालं असं होत नाही.

याच ठिकाणी मला अलीकडच्या 'डिजिटल उपासा'चं कौतुक पुरतं पटत नाही. २०१० पासून अमेरिकेत काही ज्यू कलावंत-लेखकांच्या पुढाकाराने दरवर्षी एक दिवस फोन बंद ठेवायची मोहीम चालते, आणि तिच्याबरोबर फोन झोपवून ठेवायच्या छोट्या पिशव्याही निघाल्या. हेतू चांगला आहे. पण वर्षातला एक दिवस आणि ज्याला जमेल त्याने, असं असलं की ते व्रत माणसाच्या निग्रहावर लटकतं. शब्बाथ निग्रहावर सोडलेला नाही. शुक्रवारी दुपारी चार वाजता कुणी स्वतःला विचारत बसत नाही की आज आपल्याला जमेल का. तो दिवस येतो. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंचं उदाहरण यात फार बोलकं आहे. शेकडो वर्षं त्यांच्याकडे रब्बी नव्हते, ताल्मूदचा, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथाचा, अभ्यास नव्हता, बाकीच्या ज्यू जगाशी जवळपास संबंध नव्हता. पण शनिवारी घाणा बंद. गावाने त्यांना नावच 'शनवार तेली' ठेवलं. घाणा हे घरच्या कर्त्याचं पोटापाण्याचं साधन, आणि थांबायचं तर आधी तेच थांबायचं. त्यांच्या पोरांना शब्बाथ काय असतो हे समजावून सांगायला व्याख्यान लागलं नसावं.

आता जरा आतल्या दुखण्याकडे वळू. २०११ च्या सुमारास अमेरिकेतल्या ज्यू वृत्तपत्रांत 'हाफ शब्बोस' या शब्दांवरून खळबळ उडाली. ऑर्थोडॉक्स, म्हणजे कर्मठ, शाळांत शिकणारी, बाकी सगळं पाळणारी किशोरवयीन मुलं शनिवारी खोलीचं दार लावून एकमेकांना मेसेज करतात असं समोर आलं. सिनेगॉगला जातात, दिवा लावत नाहीत, टीव्ही बघत नाहीत, पण फोन सोडवत नाही. आणि याला त्यांनी स्वतःच 'अर्धा शब्बाथ' असं नाव दिलं होतं. मोठ्यांची प्रतिक्रिया ठरलेली होती: व्यसन, पिढी वाया गेली, शाळेने काहीतरी करावं. मला त्या नावात वेगळंच काही दिसतं. धर्म सोडलेला मुलगा अर्धा-पूर्ण असा हिशेब करत नाही. ही मुलं शब्बाथच्या आतच उभी होती, आणि त्यांना तिथे सोबत नव्हती.

बघा ना, शनिवारी दुपारी काय होतं. जेवण जड झालेलं असतं. वडील झोपतात, आईही आठवडाभराची झोप काढते. टेबलावर मोठ्यांचं बोलणं चालतं ते घरांच्या किमती, कुणाची नोकरी, निवडणूक. यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ५८ व्या अध्यायात शब्बाथला आपला धंदा आणि त्याबद्दलचं बोलणं टाळायला सांगितलं आहे, आणि हलाखात तो नियम आहे. तो मोडला तर कुणाला धक्का बसत नाही. फोन बंद आहे, पण फोनमधलं सगळं तोंडाने चालू आहे. मग मुलीने तिच्या मैत्रिणीला एक ओळ लिहिली तर तेवढंच पाप डोळ्यांत खुपतं. आणि संध्याकाळी? हवदालाची, म्हणजे शब्बाथ संपवायच्या विधीची, पिळाची मेणबत्ती वाइनमध्ये बुडवून विझवायची, मसाल्याची डबी एकमेकांच्या नाकाशी धरायची, 'शावुआ तोव' म्हणत येणाऱ्या आठवड्याच्या शुभेच्छा द्यायच्या. मेणबत्तीचा धूर अजून हवेत असतो आणि घरचा कर्ता कपाटावरचा फोन काढून एका हाताने डबी पुढे सरकवत दुसऱ्या हाताने ईमेल उघडत असतो. मुलं त्याच्याकडेच बघत असतात. २५ तास तो काय करत होता हे त्यांना त्या क्षणी कळतं. तो वाट बघत होता.

आठवड्याच्या बाकीच्या दिवसांची लढाई हरेदी, म्हणजे सगळ्यात कडक पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स, समाजात सगळ्यात जोरात चालली आहे, आणि तिथे मला जास्त वेळ थांबावंसं वाटतं. कारण त्यांच्यावर हसणं सोपं आहे आणि ते मला करायचं नाही. इंटरनेट माणसाचं लक्ष कसं पोखरतं, लहान मुलांसमोर काय काय येऊन पडतं, हे हरेदी रब्बी बाकीच्यांच्या बरेच आधी बोलू लागले. तेव्हा जग त्यांना अडाणी म्हणत होतं. आज शाळांतून फोन हद्दपार करणारे कायदे धर्माशी काही देणंघेणं नसलेली सरकारं करत आहेत. तेव्हा निदान त्यांना दिसलं ते खरं होतं, हे मोकळेपणाने मान्य करावं.

पण दिसल्यावर त्यांनी केलं काय? इस्राएलमध्ये २००५ च्या आसपास 'कोशर फोन' (कोशर म्हणजे धर्मनियमांना चालणारा) आला: इंटरनेट नाही, मेसेज नाही, कॅमेरा नाही, फक्त बोलायचं. त्यावर देखरेख रब्बींच्या समितीची. या फोनचे क्रमांक ठराविक आकड्यांनी सुरू होतात, त्यामुळे क्रमांक दिसला की माणूस कुठल्या गोटातला ते कळतं, आणि वेगळा क्रमांक असला तर तेही कळतं. मुलांच्या शाळाप्रवेशापासून सोयरिकीपर्यंत सगळीकडे तो क्रमांक बोलतो. समिती काही क्रमांक या फोनवरून लागूच देत नसे, आणि त्यांत अत्याचार सोसणाऱ्यांसाठीच्या मदतवाहिन्याही असल्याच्या तक्रारी झाल्या. २०२२ मध्ये दळणवळण मंत्री योआझ हेंडेल यांनी हा क्रमांक घेऊन कुठल्याही फोनवर जाता यावं असा बदल आणायचं ठरवलं तेव्हा हरेदी नेतृत्वाने आकाशपाताळ एक केलं. नुसत्या मुलांच्या रक्षणाचा प्रश्न असता तर क्रमांक सोबत नेण्याला एवढा विरोध कशाला झाला असता?

अमेरिकेत २० मे २०१२ ला न्यूयॉर्कच्या सिटी फील्ड या बेसबॉलच्या मैदानात इंटरनेटच्या धोक्यांवर सभा झाली. ४० हजारांहून जास्त पुरुष जमले. बायकांना मैदानात प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी वस्त्यांमधल्या सभागृहांत थेट प्रक्षेपणाची सोय होती. इंटरनेटविरोधी सभेचं थेट प्रक्षेपण, यावर तेव्हा पुष्कळ विनोद झाले. मला त्यापेक्षा वेगळी गोष्ट खटकते. घरात मुलांचा फोन रोज ज्यांना हाताळावा लागतो, त्या मैदानाबाहेर होत्या. इस्राएलमधल्या हरेदी घरांत नवरा येशिवात, म्हणजे धर्मग्रंथांच्या पाठशाळेत, शिकतो आणि बायको कमावते असं चित्र सर्रास आहे, आणि त्यांतल्या कितीतरी जणी संगणकाच्या क्षेत्रातच नोकरी करतात. दिवसभर स्क्रीनसमोर बसून घर चालवायचं आणि संध्याकाळी स्क्रीन अपवित्र आहे हे मुलांना शिकवायचं, ही कसरत नियम लिहिणाऱ्या पुरुषांना करावी लागत नाही.

न्यू जर्सीतल्या लेकवूडमध्ये २००५ मध्ये ऑर्थोडॉक्स शाळांनी घरात इंटरनेट नको असा दंडक घातला. पोटापाण्यासाठी लागत असेल तर परवानगी काढायची. पालकांच्या फोनला फिल्टर असल्याची खात्री करून मगच प्रवेश द्यायचा, असंही ठिकठिकाणी होऊ लागलं. परिणाम काय झाला हे समाजातले लोक स्वतःच हसत-हसत सांगतात: एक फोन दाखवायचा, एक लपवायचा. वडिलांच्या कोटाच्या वरच्या खिशात कोशर फोन आणि आतल्या खिशात दुसरा. मुलगा दोन्ही खिसे ओळखतो. स्मार्टफोनने त्याचं जे काही नुकसान केलं असतं त्यापेक्षा मोठं नुकसान या आतल्या खिशाने केलं, असं माझं ठाम मत आहे. धर्म म्हणजे लोकांना काय दिसतं ते सांभाळणं, हा धडा तो कुठल्याही वेबसाइटवर न जाता घरातच शिकला.

मिश्नातल्या 'पिर्के आवोत' या नीतिवचनांच्या भागाच्या पहिल्याच वचनात तोराभोवती कुंपण घाला असं सांगितलं आहे. मूळ आज्ञा मोडली जाऊ नये म्हणून तिच्या अलीकडे थोडा नियम करून ठेवायचा. शहाणपणाची गोष्ट आहे. पण कुंपणच शेत खायला लागतं हेही आपल्याला ठाऊक आहे, आणि ते ताल्मूदच्या पंडितांनाही ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी दुसरी मर्यादा घालून ठेवली: बहुसंख्य लोकांना जो निर्बंध पेलवणार नाही तो समाजावर लादू नये. 'अवोदा झारा' या खंडात हे स्पष्ट आहे. आतल्या खिशातले फोन म्हणजे निर्बंध पेलवत नसल्याची कबुलीच. ती ऐकून रब्बींनी नियम सैल केला असं फारसं दिसलं नाही; झडती मात्र कडक झाली.

दुसऱ्या टोकालाही सोडायचं कारण नाही. 'ज्याचं त्याने बघावं' म्हणणाऱ्यांचा इतिहासही काही उजळ नाही. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने १९५० मध्ये शब्बाथला सिनेगॉगपर्यंत गाडीने जायला परवानगी दिली. लोक उपनगरांत पांगले होते, निदान प्रार्थनेला तरी येतील हा हेतू. पुढे त्याच पंथातल्या अनेकांना ती चूक वाटली, कारण गाडी एकदा सुरू झाली की ती सिनेगॉगपाशीच थांबते असं नाही, आणि चालत पोचता येईल अशा अंतरावर एकत्र राहण्याची गरजच संपली. फोनचं वेगळं काही होणार नाही. 'फक्त आजीला फोन', 'फक्त प्रार्थनेचं अ‍ॅप' म्हणत उघडलेला फोन तिथेच थांबत नाही.

मग आजीचं काय? हा प्रश्न खराच आहे, आणि त्याला परंपरेने दिलेलं उत्तर मला फार सुंदर वाटतं. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायचा. मोडला तर चालेल असं नव्हे, मोडलाच पाहिजे. डॉक्टर आणि रुग्णवाहिकेचे स्वयंसेवक शनिवारी फोन बाळगतात, आणि त्यात त्यांचं पाळणं कुठे उणं पडत नाही. इस्राएलमध्ये 'गल शाकेत', म्हणजे शांत वाहिनी, नावाची रेडिओची सोय आहे: शुक्रवारीच रेडिओ लावून ठेवायचा, तो दिवसभर गप्प राहतो, आणि हल्ल्याचा इशारा आला तरच बोलतो. यंत्राला शब्बाथ पाळायला लावायची ही युक्ती मला एखाद्या फिल्टरपेक्षा कितीतरी जास्त धार्मिक वाटते. हमासने इस्राएलवर हल्ला केला त्या ७ ऑक्टोबर २०२३ ला शनिवारही होता आणि सिमहात तोराचा सणही. असंख्य पाळणाऱ्या घरांत फोन बंद होते. भोंगे वाजले, बातम्या तोंडोतोंडी आल्या, आणि राखीव सैनिकांनी प्रार्थनेतून उठून फोन सुरू केले. त्यांना त्या क्षणी कुणाला विचारावं लागलं नाही, कारण कुठल्या कारणासाठी नियम बाजूला ठेवायचा हे नियमातच लिहिलेलं होतं.

२०२० च्या पेसाखला, म्हणजे वल्हांडणाच्या सणाला, करोनामुळे म्हातारी माणसं एकटी पडली तेव्हा इस्राएलमधल्या १४ सेफर्दी (स्पेन-उत्तर आफ्रिकेकडच्या परंपरेतल्या) रब्बींनी एक सवलत दिली: सण लागायच्या आधी संगणक सुरू करून ठेवा आणि झूमवरून आजी-आजोबांना सेदेरच्या, म्हणजे सणाच्या पहिल्या रात्रीच्या, जेवणात सामील करून घ्या. मुख्य रब्बींनी विरोध केला. दोन्ही बाजूंना धर्माचा आधार होता. मला सवलत देणाऱ्यांचं पटतं. ती एका वर्षापुरती, एका संकटापुरती होती आणि तिची कड आखलेली होती. एकटेपणा हाही जिवावर बेततो, हे त्यांनी ओळखलं.

मग पाळणाऱ्या घराने नक्की करायचं काय? मोठी यादी माझ्याकडे नाही. शब्बाथच्या २५ तासांबद्दल तडजोड नको, हे पहिलं. ते एक ठिकाण शाबूत आहे, त्याला नवनवीन सवलतींनी छिद्रं पाडू नयेत. पण नुसता बंद फोन म्हणजे शब्बाथ नव्हे. शुक्रवारी संध्याकाळी आईबाप मुलांच्या डोक्यावर हात ठेवून पूर्वजांच्या नावांनी आशीर्वाद देतात: मुलाला एफ्राइम-मनश्शेचा, मुलीला सारा-रिबेका-राहेल-लेआचा. दोन्ही हात मोकळे असल्याशिवाय हे होत नाही. अर्धं मिनिट लागत असेल. ज्या घरात आठवडाभर मुलाशी बोलताना वडिलांची मान खाली स्क्रीनकडे असते तिथे ते अर्धं मिनिट उपरं वाटतं, मुलगा अंग चोरतो. ज्या घरात मंगळवारी रात्रीही वडिलांचे हात मोकळे असतात तिथे वाटत नाही.

म्हणून माझा भर मंगळवारवर आहे. आठवड्याच्या दिवसांत फोन हराम ठरवू नये, ते पेलवणारं नाही आणि खरंही नाही. सेफारियासारख्या फुकट ग्रंथालयामुळे ताल्मूद आज कुणाच्याही खिशात आहे. रोज एक पान वाचत साडेसात वर्षांत २,७११ पानं पुरी करणाऱ्या दफ योमीच्या वाचकांना आगगाडीत, दवाखान्याच्या रांगेत त्याचा किती उपयोग होतो. मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत, दहावा माणूस कमी पडला तर ग्रुपवर एक मेसेज टाकला की येतो. हे सगळं चांगलंच आहे. फक्त घरात शिरल्यावर वडिलांनी छापील पुस्तक काढावं. ते फोनवर राशी या मध्ययुगीन भाष्यकाराचं भाष्य वाचतायत की क्रिकेटचा, बेसबॉलचा स्कोअर बघतायत हे समोर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाला कळायचा काही मार्ग नाही. त्याला प्रकाश पडलेला चेहरा दिसतो, तेवढंच. मांडीवर उघडलेलं जाडजूड पुस्तक दिसलं तर तो येऊन विचारतो, यात काय आहे? फोनमध्ये काय आहे हे तो विचारत नाही, तो मागतो.

आणि शाळा. पालकांकडून सह्या घ्यायची हौसच असेल तर शाळांनी कागदावरचा मजकूर बदलावा. फिल्टर कुठल्या कंपनीचा, घरात जोडण्या किती, ही चौकशी सोडून द्यावी. त्याऐवजी लिहून घ्यावं की रात्रीच्या जेवणाला घरातल्या कुणाचाही फोन टेबलावर असणार नाही. मुलाला शाळेतून घेताना आईबाप फोनवर बोलत फाटकाशी उभे राहणार नाहीत. हवदालानंतर निदान एक तास फोन कपाटावरच राहील. मुख्याध्यापकांनी आणि सिनेगॉगच्या रब्बींनी याच कागदावर पहिली सही करावी. सही मुलांसमोर व्हावी, म्हणजे मोडल्यावर ती बोलून दाखवतील. ते आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेविरुद्ध जाईल ही भीती बाळगायचं कारण नाही, कारण तशी वेळ आली तर मुलाने काय म्हणावं हेसुद्धा ताल्मूदमध्ये सांगून ठेवलंय. 'बाबा, तुम्ही नियम मोडलात' असं म्हणू नये, 'बाबा, तोरात असं असं लिहिलंय ना?' असं म्हणावं. अडचण एकच दिसते. कोशर फोनच्या करारावर सही करायला जेवढे पालक रांग लावतात, त्यांच्यातले निम्मे तरी या रांगेत दिसतील का याची मला शंका आहे.